ब्रेकचा पट्टा

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नव्यानं लागले, तेव्हा हॅलोबाई तिथे चांगल्या मुरलेल्या होत्या. तळघरातली खोली, खिडकी नाही, दोन खुर्च्या, आणि मान फिरवताना दर वेळी कुरकुरणारा एक पंखा. बाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना त्या हॅलोबाईच. त्याला कारण त्यांचा 'हॅलो'. पलीकडचा माणूस कितीही भेदरलेला असो, तो 'हॅलो' कानावर पडला की आधी तो एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायला लागायचा. "कृपया लाइनवर थांबा," असं त्या म्हणाल्या की लोक खरोखर थांबायचे. मी तेच शब्द म्हटले की फोन आपटायचे.

घरी मात्र बाई कमी बोलायच्या. "आमच्याकडे बोलायचं खातं यांच्याकडे," असं त्या म्हणत. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान. जन्मभर शहरात बस चालवली, आणि बस चालवताना गप्प बसावं लागतं त्याचा सगळा वचपा घरी काढला. चहा पिताना बोलणार, दाढी करताना बोलणार, झोपेतसुद्धा कुणाला तरी "पुढे सरका" म्हणणार. निवृत्त झाल्यावर त्यांचे पाय घरात ठरेनात. एकदा सकाळी पाव आणायला म्हणून गेले आणि पावाऐवजी कुत्रा घेऊन आले.

वाटेत भटक्या, सोडून दिलेल्या कुत्र्यांचं शेल्टर होतं. तिथं हा वासराएवढा कुत्रा होता. छाती दाराच्या फळीसारखी रुंद, अंगावर करडे-काळे पट्टे, एक कान कधीतरी फाटून वाकडाच जुळलेला. कुणीतरी त्याला एका बंद घराच्या अंगणात बांधून निघून गेलं होतं. शेल्टरमधून त्याला लोकांनी नेलंही होतं आणि परतही आणून सोडलं होतं. स्वभावाला गरीब, मुलांना चाटायचा, पण रस्त्यावर काढला की असा ओढायचा की माणसाचा खांदा निखळावा.

"याला ब्रेकच नाहीत म्हणे," ड्रायव्हरकाका दारातूनच ओरडले. "म्हणून मी नाव ठेवलं ब्रेक. निदान हाक मारताना तरी ब्रेक मारल्यासारखं वाटेल."

"घरात तो राहील, नाहीतर मी," बाई म्हणाल्या.

"तू तर दिवसभर हॉस्पिटलात असतेस," काका म्हणाले. त्यावर बाईंना हसू आलं आणि तिथेच त्यांचा निकाल लागला.

काका ब्रेकला लोखंडी साखळीनं फिरवत. साखळीचे दोन वेढे उजव्या मनगटाला घट्ट मारायचे, कोपर पोटाशी, आणि शरीर मागे रेललेलं. तो पुढे झुकलेला, हे मागे रेललेले, अशी वरात निघाली की गल्लीतले लोक विचारायचे, "काका, कोण कुणाला फिरवतंय?" काका म्हणायचे, "आम्ही दोघं मिळून गल्लीला फिरवतोय." दोघांची ताकद बरोबरीची होती. बाई कधी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. कुत्र्याचे केस सतरंजीला चिकटतात एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख.

मग एका सकाळी काका बाथरूममध्ये पडले.

आमच्याच हॉस्पिटलात आणलं त्यांना. बाई त्या दिवशी ड्युटीवर होत्या. घरून नणंदेचा फोन आला तो त्यांनीच उचलला, त्यांनीच ॲम्ब्युलन्सला जोडून दिला, आणि मग हेडफोन काढून नीट हुकाला अडकवला आणि वर गेल्या. मी पाहत होते. त्यांचा आवाज शेवटपर्यंत हलला नाही.

काका वाचले, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. म्हणजे एक शब्द तेवढा राहिला, 'हळू'. बस चालवताना चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना म्हणायचे तोच असावा. भूक लागली की हळू, कूस बदलायची की हळू, राग आला की हळू. सूर तेवढा वेगळा. डॉक्टर म्हणाले, कधीकधी असा एखादाच शब्द उरतो. पुढे वाढतील का, या प्रश्नावर डॉक्टरांनी खांदे उडवले. घरात रात्रंदिवस बोलणारा एकच माणूस होता आणि तोच गप्प झाला.

कुत्र्याचं काय करायचं, असं लेकीनं परगावहून फोनवर विचारलं. "आई, तू त्याला परत दे. तुला बाबांचंच आवरेना झालंय." नणंदही त्याच मताची. ती वरच्या मजल्यावर एकटी राहायची, जिभेला हाड नाही अशी, पण दुपारभर भावाजवळ बसायला तीच यायची. "वहिनी, हा घोडा पोसायचा असेल तर आधी तबेला बांधा," ती म्हणायची. बाईंनाही कुत्रा नकोच होता. पण त्यांनी एकदा काकांसमोर नुसतं 'शेल्टर' म्हटलं आणि काकांनी डाव्या हातानं पलंगाची कड अशी पकडली, आणि "हळू, हळू, हळू" असं म्हणत राहिले, की बाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा ब्रेकला फिरवायचं काम बाईंकडे आलं. त्यांची उंची माझ्या खांद्याएवढी, वय निवृत्तीच्या उंबरठ्यावर, आणि वर्षानुवर्षं बटणं दाबून अंगठ्याच्या सांध्यात कळ यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी काकांची साखळी घेतली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून ब्रेक निघाला तो साखळी त्यांच्या तळहातातून सरसर घसरत गेली. गुडघे फुटले, तळहाताचं कातडं सोललं. त्या दिवशी बाई हाताला पट्टी बांधून कामावर आल्या. "काय झालं?" तर म्हणाल्या, "गिअर टाकता आला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड हातमोजे घालून पाहिले. मोज्यातून साखळीची पकडच कळेना. मग चांभाराकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. तो दिसायला देखणा, पण नवा असल्यानं लाकडासारखा ताठ, आणि दवानं ओला झाला की हातातून माशासारखा निसटायचा.

मग त्या कुत्र्यामांजरांच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार तरुण, बोलण्यात गोड. त्यानं प्लॅस्टिकच्या मुठीची, आत-बाहेर होणारी दोरी काढून दाखवली. "सुताराच्या टेपसारखी आहे, काकू. सोडली की सुटते, बटण दाबलं की जागच्या जागी थांबते. लहान मूलसुद्धा चालवील." बटण म्हटल्यावर बाईंना ती वस्तू ओळखीची वाटली. उभा जन्म त्यांनी बटणंच दाबली होती.

ती दोरी एकच सकाळ टिकली. कोपऱ्यावर ब्रेकला दुसरा कुत्रा दिसला, दोरी सुर्रकन सुटली, बाईंनी बटण दाबलं तोवर त्यानं वेग घेतला होता. झटका बसला आणि मूठ हातातून उडाली. ती मूठ रस्त्यावर आपटत, खडखडत त्याच्या मागे धावायला लागली. दुसरा कुत्रा राहिला बाजूला, ब्रेकला वाटलं की काहीतरी भयंकर आपला पाठलाग करतंय. तो जीव घेऊन पळत सुटला. जेवढा पळे तेवढी ती मागे येई. बाई हाका मारत, लोकांना विचारत दोन गल्ल्या पालथ्या घालून गेल्या, तेव्हा तो एका उभ्या टेम्पोखाली पोटावर पडलेला सापडला. एवढा मोठा प्राणी, पण लटलटा कापत होता. बाई रस्त्यावर बसल्या आणि हात आत घातला. त्यानं हाताला तोंड लावलं नाही, चाटलं नाही, नुसतं डोकं त्यांच्या तळहातावर टेकवलं.

"त्या दिवशी मला तो पहिल्यांदा बिचारा वाटला," बाई मला म्हणाल्या. "इतके दिवस मला वाटायचं, भीती फक्त मलाच वाटते."

लेकीला हे कळलं तेव्हा तिनं परगावहून पार्सल पाठवलं. कमरेला बांधायचा पट्टा, त्याला रबरासारखी ताणणारी दोरी. "हात मोकळे राहतात, आई. धावणारे लोक वापरतात." बाईंनी तो बांधला आणि फाटकाबाहेर पडल्या. पुढे मांजर होतं. बाई आधी बसल्या आणि मग बसल्या-बसल्या पुढे गेल्या. "पोत्यासारखी ओढली गेले," त्यांनी मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हेडफोन बाजूला करून हसलो, पण हसताना त्या कमरेला हात लावून बसल्या होत्या. आठवडाभर त्यांना खुर्चीवरून उठताना आधार लागायचा. वरच्या गॅलरीतून नणंदेनं सगळं पाहिलं होतं. "वहिनी, पुढच्या वेळी खाली चाकं लावून जा."

शेवटी बाई ब्रेकला घेऊन शेल्टरमध्ये गेल्या. मला त्यांनी नंतर कबूल केलं की त्या त्याला परत द्यायलाच निघाल्या होत्या. काकांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. तिथली सांभाळ करणारी ताई, हातांवर चावल्या-ओरबाडल्याच्या खुणा असलेली, फार न बोलणारी. तिनं बाईंकडे पाहिलं आणि आधी विचारलं, "हात दाखवा."

बाईंनी तळहात पुढे केला. ताईनं त्यांची मूठ मिटवून पाहिली, उघडून पाहिली, अंगठा हळूच दाबला. बाई कळवळल्या.

"सगळे कुत्र्याच्या ताकदीचा पट्टा शोधतात," ती म्हणाली. "आपल्या हाताचा कुणी बघत नाही. हा हात बारीक दोरी धरू शकत नाही, साखळी तर नाहीच."

तिनं आतून एक पट्टा आणला. मऊ विणीचा, चपटा, चांगला रुंद, माणसाच्या उंचीएवढा लांब. एका टोकाला हातात धरायचा जाड फासा, आणि आकड्याजवळ दुसरा छोटा फासा, गर्दीत कुत्र्याला जवळ धरायला. आकडा जड, स्वतःभोवती फिरणारा, म्हणजे पट्ट्याला पीळ पडत नाही. आणि गळपट्ट्याऐवजी अंगात घालायचा हार्नेस, ज्याची कडी पाठीवर नव्हे, छातीवर.

"इथे पुढे अडकवला की तो ओढायला लागल्यावर त्याच्याच जोरानं त्याचं तोंड तुमच्याकडे वळतं. तुम्ही ओढायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"आणि आकडा तुटला तर?"

"नाही तुटणार. मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलंय." ताई पहिल्यांदा हसली. मग तिनं फासा कसा धरायचा ते शिकवलं. अंगठा त्यात घालायचा, उरलेला पट्टा मुठीत घडी करून घ्यायचा. "मनगटाला वेढा मात्र कधीच मारायचा नाही. सोडायची वेळ आली तर सोडता आला पाहिजे. काय?"

"आमचे हे मारायचे."

"तुम्ही मारू नका."

बाई कुत्रा परत द्यायला गेल्या होत्या त्या नवा पट्टा घेऊन कुत्र्यासकट घरी आल्या.

तो पट्टा खरंच त्यांच्या हाताला बसला. पहिले काही दिवस ब्रेक जोरानं निघायचा आणि गर्रकन फिरून बाईंच्या समोर यायचा, आणि आपण असे उलटे कसे झालो म्हणून चकित होऊन बघायचा. एकदा मोठ्या रस्त्याशी गाड्यांची रीघ लागली होती, तो अधीर झाला होता, आणि बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कृपया लाइनवर थांबा." ब्रेकनं वाकडा कान उभा केला आणि मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये येऊन त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "अगं, होल्ड केला त्यानं! चांगला होल्ड केला!" पुढे तर गल्लीतली मुलंही ब्रेकला पाहून ओरडायची, "लाइनवर थांबा!" तो त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. त्याला तो एकच आवाज ठाऊक होता.

काका गॅलरीत खुर्चीवर बसून हे पाहायचे. बाई वर आल्या की कुत्र्याकडे आणि मग बाईंच्या हाताकडे बघायचे. "अहो, नाही ओढलं आज," असं बाई म्हणायच्या. मग त्या त्यांना सगळं सांगायच्या, कुठे गेलो, कोण भेटलं, कुठल्या खांबाशी ब्रेक किती वेळ रेंगाळला. लग्नानंतर एवढं त्या कधी बोलल्या नव्हत्या. काका ऐकायचे. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे हसतायत की नाही ते कळायचं नाही, पण डावा हात मांडीवर ठेका धरायचा.

त्या दिवसांत बाई सुखी होत्या, असं मी म्हणणार नाही. काकांना उचलता-बसवताना त्यांची पाठ मोडून येत होती. पण एक गोष्ट जमली होती, आणि ती त्यांची त्यांनी जमवली होती.

एका रविवारी ऊन छान पडलं होतं. नणंदेच्या मदतीनं बाईंनी काकांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि लिफ्टनं खाली आणलं. आजारानंतर हवा खायला म्हणून ते पहिल्यांदाच फाटकाबाहेर येत होते. ब्रेकनं त्यांना पाहिलं आणि आनंदानं कण्हल्यासारखा आवाज काढत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. येणारे-जाणारे थांबून विचारपूस करत होते. बाईंनी खुर्चीची दोन्ही चाकं अडकवून टाकली, पांघरूण सारखं केलं. तेव्हा काकांनी डावा हात पुढे केला. पट्ट्याकडे.

"हळू," ते म्हणाले.

बाई मला म्हणाल्या, "इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे हात पुढे करून काहीही मागितलं नव्हतं गं. पाणी, औषध, ते सगळं मीच ओळखून द्यायचे. हे त्यांनी मागितलं."

नणंद म्हणाली, "नका देऊ, वहिनी."

बाईंनी दिला. कुत्रा शांत होता, त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. काकांनी फासा हातात घेतला आणि, बाईंच्या लक्षात यायच्या आत, हात गोल फिरवून डाव्या मनगटाला दोन वेढे मारले. जुन्या सवयीनं, साखळीचे मारायचे तसे. ते हसले. आता मात्र ते हसतायत हे सगळ्यांना दिसलं. बाईंचे डोळे भरून आले म्हणून त्यांनी पदरानं पुसायला मान खाली घातली.

तेवढ्यात उभ्या गाडीखालून मांजर निघालं.

बाई ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांना आठवत नाही. तो आवाज ब्रेकच्या ओळखीचा नव्हता. छातीवरच्या कडीनं त्याचं तोंड वळलं खरं, पण वळताना त्याचं सगळं वजन आडवं झालं, चाकं अडकवलेली होती म्हणून खुर्ची सरकली नाही, ती कलली. काका डाव्या अंगावर पडले आणि तसेच फरपटत फरसबंदीवरून पुढे गेले. वेढे सुटत नव्हते. ते सोडवायला त्यांचा दुसरा हात नव्हता. बाई कुत्र्याच्या अंगावर जाऊन पडल्या तेव्हा ते थांबलं.

पट्टा तुटला नाही. आकडाही तुटला नाही. त्यासाठीच तर तो घेतला होता.

काकांचा खांदा निखळला होता आणि मनगट चेचलं गेलं होतं. चांगला राहिलेला डावा हात. त्याला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना नणंद बाईंना म्हणाली, "माझ्या भावाला एक हात उरला होता, वहिनी. तोही घालवलात." दुसऱ्या दिवशी नणंद भावासाठी सूप घेऊन वॉर्डात आली, आणि बाईंसाठीही वेगळ्या डब्यात घेऊन आली. पण ते वाक्य तिनं परत घेतलं नाही. घ्यावं असं बाईंना वाटलंही नाही.

"ती खरंच बोलली," त्या मला म्हणाल्या. "खोटं बोलली असती तर मी भांडले असते."

मी समजावायला गेले. तुम्हाला कसं कळणार होतं, मांजर कधी येईल, वगैरे. त्यांनी माझा हात थोपटला आणि वाजणारा फोन उचलला. "हॅलो." तोच आवाज.

लेक आली आणि तिनं सूत्रं हातात घेतली. चिडून नाही, रडवेल्या चेहऱ्यानं. "आई, आता पुरे. मी काही तुला दोष देत नाही." ती तीनतीनदा 'दोष देत नाही' म्हणाली. ब्रेक स्वयंपाकघराच्या दारात हनुवटी पंजांवर टेकवून पडलेला असायचा. त्याला ओरडलं नाही, मारलं नाही कुणी. नुसतं त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. काका घरी आले तेव्हा तो शेपटी हलवत पलंगाजवळ गेला. काकांनी डोळे मिटून घेतले. कुत्र्यावर राग होता, की त्याला थोपटायला हात नव्हता म्हणून, हे बाईंना कळलं नाही. ते विचारणार कसं? 'हळू' हा शब्दही आता काकांनी सोडला होता. पडल्या दिवसापासून त्यांच्या तोंडून तो कुणी ऐकला नाही.

ब्रेकला शेल्टरमध्ये सोडायला बाई एकट्याच गेल्या. लेक म्हणाली, टॅक्सीनं जाऊ, मी येते. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, मी येऊ का? त्यालाही नको. नंतर मी विचारलं, वाटेत त्यानं त्रास दिला का?

"त्रास कसला? शेल्टर जवळ आल्यावर त्याला बाकीच्या कुत्र्यांचा वास आला. शेवटचा सगळा रस्ता त्यानंच मला ओढत नेलं. इतका खूश झाला होता."

शेल्टरच्या ताईनं पट्टा, हार्नेस ठेवून घेतलं. तिनं रागावून काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली की तिसऱ्यांदा परत आलेल्या, वय झालेल्या, माणूस पाडणाऱ्या कुत्र्याला घर मिळणं कठीण असतं. जागा भरली आहे. बघते.

प्लास्टर निघालं तेव्हा काकांची बोटं वाकड्या आकड्यांसारखी झाली होती. व्यायाम सांगितले. बाई रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बोट उघडून मिटून द्यायच्या. बोटं पुन्हा तशीच वळायची. पूर्वी काका डाव्या हातानं चमचा धरायचे, रेडिओचं बटण फिरवायचे, मांडीवर ठेका धरायचे. आता सगळं भरवावं लागायचं. गॅलरीत बसवलं तर ते मान फिरवून आत, भिंतीकडे बघत राहायचे. म्हणून मग बसवणंही बंद झालं.

महिन्या-दीड महिन्यानं ताईचा फोन आला. गावाबाहेरच्या एका गोदामवाल्यानं राखणीसाठी ब्रेकला नेलं होतं. बाईंनी पत्ता मागून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी घरी काही न सांगता गेल्या. मालाच्या ट्रकांची वर्दळ, पत्र्याची लांब शेड, आणि फाटकाच्या आत खांबाला जाड साखळीनं बांधलेला ब्रेक. आधी तो अनोळखी माणसावर भुंकावं तसा भुंकला. मग वारा फिरला असावा, त्याला वास आला. तो धावला आणि साखळीच्या शेवटाला पोचून मागच्या पायांवर उभा राहिला, गळपट्टा रुतून खोकायला लागला, तरी पुढेच येत राहिला.

"बाई, लांब राहा," रखवालदार म्हणाला. "कुत्रा तोडणारा आहे. सगळ्यांवर जातो."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना पुढे जायचं होतं. पण आपण पुढे गेलो, त्याला हात लावला आणि मग निघून आलो, तर तो काय समजेल, याचा विचार करत त्या तिथेच उभ्या राहिल्या. तो खोकत होता. शेवटी त्याचा श्वास कोंडेल म्हणून त्या लवकर निघाल्या. बसस्टॉपपर्यंत त्याचं भुंकणं ऐकू येत होतं, आणि बस लवकर येईना.

पुन्हा गेल्या तेव्हा खांब रिकामा होता. रखवालदारही बदलला होता. नवा म्हणाला, कुत्रा मालकानं दुसरीकडे हलवला. कुठे? मालकाची बरीच गोदामं आहेत, आपल्याला काही ठाऊक नाही. आजारी होता का? माहीत नाही, बाई, मी आलो तेव्हा नव्हताच. बाईंनी शेल्टरला फोन केला. ताईनं चौकशी करते म्हणून सांगितलं आणि केलीही, पण गोदामवाला फोन उचलत नव्हता.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा नणंद काकांना सूप भरवत होती. काकांच्या हनुवटीवरून ओघळ गेला होता, तिनं तो पुसला आणि वर न पाहताच विचारलं, "कुठे होता एवढा वेळ?"

बाई चपला काढत होत्या. इतके दिवस त्यांनी गोदामाचं कुणाला सांगितलं नव्हतं, पण थकल्या होत्या, तोंडातून निघून गेलं. "ब्रेकला बघायला गेले होते."

नणंदेचा हात मध्येच थांबला. काकांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांनी बाईंकडे सरळ पाहिलं.

"कसा आहे?" नणंदेनं विचारलं.

"बरा आहे," बाई म्हणाल्या. "मोठं आवार आहे. मोकळाच असतो. अंगानं भरलाय चांगला."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ते पटलं की नाही, हे बाईंना समजलं नाही. नणंदेला पटलं नव्हतं, कारण ती उठली आणि चमचा बाईंच्या हातात देऊन वर निघून गेली. बाई तिच्या जागी बसल्या. सूप गार झालं होतं, ते त्यांनी पुन्हा गरम करून आणलं आणि थोडं थोडं करून काकांना भरवलं. मग भांडी घासली. सकाळी पहिली पाळी त्यांचीच होती.